यंत्र कोड लिहू लागल्यावर डेव्हलपरच्या करिअरमध्ये उरतं काय?

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं. सॉफ्टवेअरमध्ये येऊ पाहणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि या क्षेत्रात दहा-पंधरा वर्षं काढलेली माणसं तेव्हापासून एकच प्रश्न विचारत आहेत. आता यंत्रच कोड लिहितंय, तर या करिअरला अर्थ उरला का? एका दिवशी नोकरकपातीची बातमी येते, दुसऱ्या दिवशी एखाद्या कंपनीचे प्रमुख सांगतात की आमचा बराचसा कोड आता एआय लिहितं. वाचणारा गोंधळून जातो.

या प्रश्नाच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. एआय येण्याच्या कितीतरी आधीपासून चांगल्या पगाराचे, मोठ्या पदावरचे डेव्हलपर कामाला कंटाळून बाहेर पडत होते. त्याच वेळी कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या एखाद्या जुन्या प्रणालीवर वर्षानुवर्षं काम करणारे काही जण मनापासून समाधानी होते. पगार आणि पद यांवरून या फरकाचा उलगडा होत नाही. माझ्या मते तो होतो एका गोष्टीवरून : आपण जे बांधतो आहोत त्याची समज आपल्या डोक्यात साठत जाते आहे की नाही. ही गोष्ट नीट उलगडली की एआयच्या भीतीतलं खरं किती आणि फुगवलेलं किती, तेही दिसू लागतं.

डेव्हलपर दिवसभर करतो तरी काय?

कीबोर्डवर भराभर टाइप करणारा माणूस हे चित्र सिनेमातलं आहे. प्रत्यक्षात डेव्हलपरचा वेळ जातो तो आधीपासून असलेला कोड वाचण्यात, समोरच्याला नेमकं काय हवंय हे विचारण्यात, एखादी गोष्ट का बिघडली याचा माग काढण्यात आणि कशाला हात लावायचा नाही हे ठरवण्यात.

समजा, सांगितलेलं काम एवढंच आहे : ‘ग्राहकाला ऑर्डर रद्द करता आली पाहिजे.’ एका ओळीची मागणी. पण माल आधीच निघाला असेल तर? पैसे अर्धे कूपनमधून आणि अर्धे कार्डावरून भरले असतील, तर कूपन परत द्यायचं का? कूपनची मुदत मधल्या काळात संपली असेल तर? ग्राहकाने ‘रद्द करा’ दाबलं आणि त्याच क्षणी गोदामातल्या माणसाने ‘पाठवलं’ अशी नोंद केली, तर कुणाचं खरं धरायचं? पैसे परत गेले पण ऑर्डर रद्द झाल्याची नोंद व्हायच्या आत सर्व्हर बंद पडला, तर? बटण बसवायला फारसा वेळ लागत नाही. या प्रश्नांची उत्तरं शोधायला आठवडा लागतो, आणि त्यातली निम्मी उत्तरं कोडमध्ये नसतातच. ती हिशेब पाहणाऱ्यांकडे, गोदामात, ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्यांकडे असतात.

आयबीएमच्या सिस्टम ३६० या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टमच्या कामाचं नेतृत्व केलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये या अडचणींचे दोन भाग पाडले. एक भाग मूळ कामातच असलेला गुंता, म्हणजे वरचे प्रश्न. दुसरा साधनांमुळे आलेला गुंता, म्हणजे भाषेचं व्याकरण, किचकट सेटिंग, त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा लिहिणं. साधनं सुधारली की दुसरा भाग आटतो, पण पहिला जिथल्या तिथे राहतो. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोड म्हणजे समज नव्हे

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांना २००५ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांनी १९८५ मध्ये एक मुद्दा मांडला होता, जो मला या व्यवसायाबद्दल कुणी सांगितलेल्या गोष्टींपैकी सर्वांत मोलाचा वाटतो. प्रोग्रॅम म्हणजे फाइलींमधला मजकूर नव्हे, असं त्यांचं म्हणणं. खरा प्रोग्रॅम असतो तो बांधणाऱ्यांच्या डोक्यात : बाहेरच्या जगातली कुठली गोष्ट कोडमध्ये कुठे आणि का आली आहे, हेच का केलं, दुसरं का टाळलं, आणि उद्या नवी मागणी आली तर ती कुठे सहज बसेल. ही समज असलेली माणसं पांगली की प्रोग्रॅम चालू राहतो, पण त्यात बदल करू पाहणारा प्रत्येक जण त्याला थोडं थोडं मोडत जातो.

नदीचा नकाशा आणि रोज नाव नेणारा नावाडी यांच्यात जो फरक असतो, तोच इथे आहे. नकाशात पात्र दिसतं. यंदाच्या पुरानंतर वाळू कुठे सरकली, कुठल्या खडकावरून पावसाळ्यात जाता येतं आणि उन्हाळ्यात नाही, हे नावाड्याला माहीत असतं, कारण तो रोज त्या पाण्यात असतो. नकाशा कितीही चांगला काढला तरी नदी बदलत राहते. सॉफ्टवेअरही बदलत राहतं, कारण त्याच्याभोवतीची माणसं, कायदे, यंत्रं, सवयी बदलतात.

समज हरवली की काय होतं?

४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्या उड्डाणात, साधारण ३७ सेकंद नीट चालल्यावर भरकटलं आणि फुटलं. या अपघाताचा चौकशी अहवाल प्रसिद्ध आहे. कारण सॉफ्टवेअरमध्ये होतं, पण चूक कशी घडली ते पाहण्यासारखं आहे.

रॉकेटची दिशा आणि गती मोजणारी प्रणाली आधीच्या एरियान ४ वरून घेतली होती. तिथे ती अनेक उड्डाणांत व्यवस्थित चालली होती. तिच्यात एक आकडा ६४ बिटांच्या जागेतून १६ बिटांच्या जागेत टाकला जायचा. १६ बिटांत चिन्हासह ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावते. मोठी संख्या आली तर काय करायचं, याची तजवीज त्या ठिकाणी केलेली नव्हती. हा निष्काळजीपणा नव्हता. प्रोसेसरवर ताण येऊ नये म्हणून सगळ्याच आकड्यांना संरक्षण द्यायचं नाही असं ठरलं होतं आणि एरियान ४ च्या मार्गावर हा आकडा एवढा वाढूच शकत नाही, असा विचार त्यामागे होता. एरियान ४ पुरता तो विचार बरोबर होता.

एरियान ५ सुरुवातीलाच आडव्या दिशेने कितीतरी जास्त वेग घेतं. आकडा मावला नाही, प्रणाली बंद पडली. जोडीला राखीव प्रणाली होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर असल्याने ती त्याच कारणाने आधीच बंद पडली होती. सगळ्यात चटका लावणारा तपशील असा की ज्या हिशेबात हा आकडा लागत होता, त्या हिशेबाचा एरियान ५ ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. उलटी गणती शेवटच्या क्षणी थांबली तर लवकर सावरता यावं, म्हणून एरियान ४ मध्ये तो उड्डाणानंतरही काही सेकंद चालू ठेवलेला होता. चालू आहे तर राहू द्या, म्हणून तो तसाच पुढे आला.

कोड जसाच्या तसा नव्या रॉकेटवर पोचला. ‘हे एवढ्याच वेगापर्यंत खरं आहे’ ही समज पोचली नाही. आज एखादा डेव्हलपर एआयकडून आलेल्या दोनशे ओळी वाचल्या-न वाचल्यासारख्या करून प्रॉडक्शनवर चढवतो, म्हणजे लोक खरोखर वापरत असलेल्या प्रणालीत घालतो, तेव्हा तो हाच धोका घेत असतो. त्या ओळी कशावर विसंबून आहेत, हे कुणाच्याच डोक्यात नसतं.

मग एआयमुळे नोकऱ्या जाणार की नाही?

थोडा इतिहास उपयोगी पडेल. १९५२ मध्ये ग्रेस हॉपर यांनी माणसाला सोप्या पडणाऱ्या खुणांपासून यंत्राच्या सूचना जुळवणारा प्रोग्रॅम तयार केला. १९५७ मध्ये आयबीएमची फोरट्रान भाषा आली. तिच्यात गणिताच्या सूत्रासारखं लिहिलं की यंत्रभाषा आपोआप तयार व्हायची. या सगळ्याला तेव्हा चक्क ‘स्वयंचलित प्रोग्रॅमिंग’ म्हणत. आता प्रोग्रॅमरची गरज संपेल असं तेव्हाही वाटलं होतं. झालं उलटंच. लिहिणं सोपं झालं म्हणून अशी कामं संगणकाकडे आली, जी आधी कुणी द्यायला धजलं नसतं.

पण या इतिहासाच्या आधारावर ‘काळजी नको’ असं सांगणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. या वेळी एक गोष्ट वेगळी आहे. नवखा डेव्हलपर आजवर छोट्या कामांतून शिकत आला. लहानसा बग, म्हणजे कोडमधली चूक दुरुस्त करायची, एक फॉर्म बनवायचा, चाचण्या लिहायच्या. ही कामं कंपनीच्या दृष्टीने किरकोळ होती, पण त्याच कामांतून माणसाला प्रणालीची ओळख होत असे. आता नेमकी हीच कामं एआय झटपट करतं. त्यामुळे पहिली नोकरी मिळवणं अवघड होणं आणि नोकरी मिळूनही शिकायला न मिळणं, या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत.

दुसरा धोका आपल्याला फसवणारा आहे. एमईटीआर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपर घेऊन एक प्रयोग केला. ते सगळे स्वतःला चांगल्या ओळखीच्या, मोठ्या मुक्त-स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, प्रकल्पांवर काम करत होते. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम झाल्यावर विचारलं, तेव्हा त्यांना मात्र आपण २० टक्के वेगाने काम केलं असं वाटत होतं. प्रयोग लहान आहे, साधनं भराभर सुधारत आहेत, म्हणून १९ हा आकडा धरून बसण्यात अर्थ नाही. काम सरकल्याची भावना आणि खरोखर सरकलेलं काम यांतली तफावत मला जास्त महत्त्वाची वाटते. अनुभवी माणसांना ती जाणवली नाही, तर नवख्याला कशी जाणवणार?

ब्रुक्स यांच्या विभागणीकडे परत येऊ. साधनांमुळे आलेला गुंता एआय झपाट्याने खातं आहे आणि तो खाल्ला जावा हे चांगलंच आहे. कामातच असलेला गुंता सोडवण्यात ते मदत करतं, पर्याय सुचवतं. तरीही ‘गोदामातल्या माणसाचं खरं धरायचं’ हा निर्णय आणि त्याची जबाबदारी कुणातरी माणसालाच घ्यावी लागते. ज्याच्या डोक्यात समज आहे, तोच तो निर्णय घेऊ शकतो.

समज रोजच्या कामात कशी साठवायची?

एआय वापरूच नका, असं मी म्हणणार नाही. विचारण्याआधी दोन मिनिटं थांबून स्वतःचा अंदाज लिहून ठेवा : बग कुठे असेल, उपाय काय असेल. मग उत्तर पाहा. अंदाज चुकला तर का चुकला, हे कळण्यातच शिकणं असतं. अंदाजच केला नाही तर उत्तर बरोबर असूनही हाती काही लागत नाही. जो कोड साधन बंद करून सहकाऱ्याला फळ्यावर समजावून सांगता येत नाही, तो अजून तुमचा झालेला नाही. त्याच्यावर तुमचं नाव घालू नका.

कोड रिव्ह्यू, म्हणजे एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासणं, पुष्कळ ठिकाणी उरकून टाकतात. तिथे ‘हे असंच का?’ हा प्रश्न विचारायची सवय लावा. मोठा निर्णय झाला की अर्ध्या पानाची नोंद ठेवा : काय ठरलं, कुठले पर्याय सोडले आणि कुठली परिस्थिती बदलली तर हा निर्णय पुन्हा तपासावा लागेल. एरियान ४ च्या त्या आकड्याच्या शेजारी ठळकपणे अशी एक ओळ असती, आणि नवं रॉकेट बांधणाऱ्याने ती वाचली असती, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

शिकणाऱ्यांना माझा आग्रह आहे की दहा अर्धवट प्रकल्पांपेक्षा एकच छोटी गोष्ट बनवा, जी खरी माणसं वापरतील, आणि ती वर्षभर चालू ठेवा. वापरणारे पाच जण असले तरी चालतील. ते तुम्ही कल्पनाही न केलेल्या गोष्टी करतील, चुकीच्या रकान्यात चुकीची माहिती भरतील, जुन्या फोनवर उघडतील. मूळ कामातला गुंता म्हणजे काय, हे त्या वर्षात कळतं. मुलाखतीतही त्यावर बोलण्यासारखं खूप असतं.

पण हे सगळं केलं तरी समाधान मिळतं का?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाला आतून प्रेरणा कशी मिळते याचा अनेक दशकं अभ्यास केला. त्यांच्या सिद्धांतात तीन गरजा मूलभूत आहेत : आपल्या कामावर आपला ताबा असणं, आपल्याला काम जमतंय हे जाणवणं आणि माणसांशी जोडलेलं असणं. डेव्हलपरच्या कामात या तिन्हींची वाट समजेतून जाते, असं मला दिसतं. प्रणाली समजलेल्या माणसाच्या मताला बैठकीत वजन येतं. बिघाड झाल्यावर तो घाबरून इकडेतिकडे हात मारत नाही, दोन-तीन शक्यता तपासतो आणि नेमकी जागा सापडते, त्या वेळी होणारा आनंद दुसऱ्या कशाने मिळत नाही. ज्याला समजलंय त्याच्याकडे लोक विचारायला येतात.

२०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने जे केलं, ते मला याचं फार सुंदर उदाहरण वाटतं. तो पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाची मोजणी करत होता. दूरच्या संगणकात प्रवेश देणाऱ्या एसएसएच या सेवेला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्याच्या लक्षात आलं. त्याचं मूळ काम ते नव्हतं. तरीही तो माग काढत गेला आणि एक्सझेड नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या फाइल लहान करणाऱ्या साधनात कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवलेला त्याला सापडला. तो बसवणाऱ्याने दोनेक वर्षं त्या प्रकल्पात मदत करत विश्वास मिळवला होता. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या काही प्रकारांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत हा चोरदरवाजा पोचलाही होता. जगभरच्या सर्व्हरांवर पसरण्याआधी सापडला, कारण एका माणसाला आपल्या प्रणालीचा नेहमीचा वेग ठाऊक होता.

याच घटनेची दुसरी बाजूही सांगायला हवी. एक्सझेडचा मूळ सांभाळकर्ता ते काम पैसे न घेता, जवळजवळ एकट्याने करत होता आणि त्याने आपण थकल्याचं सांगितलंही होतं. त्याचा थकवा हीच हल्लेखोराला सापडलेली फट होती. आवडीच्या कामातही माणूस एकटा पडला की मोडतो. म्हणून समज एकट्याच्या डोक्यात कोंडून ठेवणं घातक आहे. ‘सगळं मलाच माहीत असलं तर नोकरी पक्की’ असा हिशेब पुष्कळ जण करतात. अशा माणसाला सुटी मिळत नाही, रात्री फोन त्यालाच येतो आणि नवं काम त्याला कुणी देत नाही, कारण जुन्यातून तो सुटूच शकत नाही.

नोकरी बदलल्याशिवाय पगार वाढत नाही, त्याचं काय?

पुष्कळ ठिकाणी हे खरं आहे. घराची जबाबदारी असलेल्या माणसाला ‘पैशाचा विचार करू नकोस’ असं सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. मी एवढंच म्हणेन की करिअरमध्ये निदान एकदा तरी अशा ठिकाणी इतका काळ राहा, की स्वतःच घेतलेल्या निर्णयांची फळं स्वतःला भोगता येतील. दर वर्षी नवी सुरुवात करणाऱ्याला प्रणाली बांधता येते, पण ती तीन वर्षांनी कुठे वाकते हे त्याला कधी दिसत नाही. सीनियर आणि ज्युनियर यांच्यातला खरा फरक मला तिथेच दिसतो.

तंत्रज्ञान एवढं बदलतं, साठवलेली समज टिकणार कशी?

फ्रेमवर्क, म्हणजे कोडचे तयार सांगाडे, भराभर बदलतात हे खरं. पण त्यांच्या खाली पाहा. तक्त्यांमध्ये माहिती ठेवण्याची जी पद्धत आज बहुतेक डेटाबेस वापरतात, ती एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. इंटरनेट ज्या टीसीपी/आयपी नियमांवर चालतं, ते त्याच्या पूर्वसुरीच्या जाळ्यावर १ जानेवारी १९८३ पासून लागू झाले. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमची सुरुवात १९६९ ची. ज्याने हे पाये समजून घेतले, त्याला नवं फ्रेमवर्क शिकायला फार दिवस लागत नाहीत. शिकायचा वेळ मर्यादित असतो, त्यातला मोठा वाटा खालच्या थरांना द्यावा. आणि तुम्ही ज्या क्षेत्रासाठी सॉफ्टवेअर बनवता, मग ते आरोग्य असो, विमा असो, वाहतूक असो, त्याचं ज्ञान तर आणखी सावकाश शिळं होतं.

मॅनेजर व्हायलाच हवं का?

नाही. अनेक कंपन्यांत आता माणसं न सांभाळता, तांत्रिक कामातच वर जाण्याची वेगळी शिडी असते. माणसांची घडण करण्यात खरोखर आनंद वाटत असेल तर मॅनेजर जरूर व्हा. ते वेगळं, कठीण आणि चांगलं काम आहे. केवळ वय वाढलं म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

नोकरी स्वीकारण्याआधी काय विचारायचं?

मुलाखतीच्या शेवटी ‘तुमचे काही प्रश्न?’ असं विचारतात आणि बहुतेक उमेदवार सुट्यांबद्दल काहीतरी विचारून मोकळे होतात. त्याऐवजी विचारा : मागच्या वेळी प्रॉडक्शनवर मोठा बिघाड झाला, तेव्हा नंतर काय केलं? ‘कुणाची चूक होती’ इथून उत्तर सुरू झालं, तर तिथे लोक चुका लपवत असणार, आणि लपवलेल्या चुकांतून कुणी शिकत नाही. ‘आम्ही बसून लिहून काढलं, असं का घडू शकलं ते शोधलं’ असं उत्तर आलं, तर ती जागा शिकवणारी आहे. आणखी विचारा की ज्या कोडवर मी काम करणार आहे, तो लिहिणाऱ्यांपैकी कुणी अजून इथे आहे का. डेव्हलपर वापरकर्त्यांशी थेट कधी बोलतात? एआयने लिहिलेला कोड कोण तपासतं, आणि तपासायला वेळ धरलेला असतो का? रात्रीच्या बिघाडासाठी पाळी किती जणांत फिरते? एकच जण असेल, तर पगार कितीही असला तरी मी दोनदा विचार करेन.